व्यवस्थापकाचे टेबल आणि ‘ड्रॅक्युला’ : ब्रॅम स्टोकर यांच्या लेखनकारकिर्दीचा पुनर्विचार

प्रस्तावना

लेखकापेक्षा त्याने निर्माण केलेले पात्र मोठे होण्याची उदाहरणे लोकप्रिय साहित्याच्या इतिहासात अनेक आढळतात. काउंट ड्रॅक्युला हे त्यांपैकी सर्वांत ठळक उदाहरण म्हणावे लागेल. ज्यांनी मूळ कादंबरीचे एक पानही वाचलेले नाही, त्यांच्याही मनात ड्रॅक्युलाची प्रतिमा स्पष्ट असते. त्या प्रतिमेचे जनक ब्रॅम स्टोकर (१८४७-१९१२) मात्र दीर्घकाळ पात्राच्या सावलीतच राहिले. हयातीत त्यांची ओळख आणखी वेगळी होती. लंडनच्या लायसियम थिएटरचे व्यवस्थापक आणि विख्यात नट हेन्री आयर्विंग यांचे विश्वासू सहकारी म्हणून त्यांना लोक ओळखत. त्यांच्या निधनानंतर जे लिहिले गेले, त्यातही आयर्विंग यांच्याशी असलेल्या संबंधालाच प्रामुख्याने स्थान मिळाले.

स्टोकर यांच्या या दोन भूमिकांचा परस्परसंबंध दोन प्रकारे लावला जातो. पहिल्या मतानुसार नाट्यगृहाच्या कामाने त्यांच्यातील लेखकाचा वेळ आणि शक्ती हिरावून घेतली. दुसऱ्या मतानुसार आयर्विंग यांच्या वर्चस्वाखाली दबलेल्या माणसाने आपल्या धन्यालाच रक्तपिपासू काउंटच्या रूपात रंगविले. दोन्ही मतांत व्यवस्थापन ही केवळ सोसलेली परिस्थिती ठरते. प्रस्तुत लेखात वेगळी भूमिका मांडली आहे. पत्रव्यवहार, वेळापत्रक, मालवाहतूक आणि हिशेब यांनी घडविलेली व्यवस्थापकाची दृष्टी हेच ‘ड्रॅक्युला’च्या रचनेचे मूळ आहे, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

डब्लिनमधील जडणघडण

अब्राहम ऊर्फ ब्रॅम स्टोकर यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८४७ रोजी डब्लिनजवळील क्लोंटार्फ येथे झाला. वडील डब्लिन कॅसलमध्ये सरकारी नोकरीत होते. वयाच्या सुमारे सातव्या वर्षापर्यंत स्टोकर आजारपणामुळे अंथरुणाला खिळून होते. या काळात आई शार्लट यांच्याकडून त्यांनी अनेक गोष्टी ऐकल्या. त्यांत १८३२ साली स्लायगो येथे आलेल्या पटकीच्या साथीच्या आठवणीही होत्या. पुढे हाच अशक्त मुलगा ट्रिनिटी कॉलेजमध्ये खेळाडू आणि वादसभांचा पदाधिकारी म्हणून नावाजला.

पदवीच्या काळातच त्यांनी वडिलांप्रमाणे सरकारी नोकरी पत्करली. १८७१ पासून ‘डब्लिन ईव्हनिंग मेल’ या वृत्तपत्रात ते विनामूल्य नाट्यसमीक्षा लिहू लागले. दिवसा कचेरी आणि रात्री नाट्यगृह असा त्यांचा क्रम होता. १८७९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे पहिले पुस्तक आयर्लंडमधील पेटी सेशन्स न्यायालयांच्या कारकुनांची कर्तव्ये सांगणारे होते. अभ्यासक या पुस्तकाचा उल्लेख बहुधा गमतीने करतात. वस्तुतः त्याकडे गांभीर्याने पाहावयास हवे. विस्कळीत नोंदी, नियम आणि परिपत्रके एकत्र करून त्यांतून एक सुसंगत व्यवहार उभा करणे हे त्या पुस्तकाचे काम होते. अठरा वर्षांनी ‘ड्रॅक्युला’तील पात्रेही हेच काम करताना दिसतात.

डिसेंबर १८७६ मध्ये आयर्विंग यांच्या ‘हॅम्लेट’वर स्टोकर यांनी लिहिलेल्या परीक्षणामुळे दोघांची ओळख झाली. त्यानंतरच्या एका रात्री आयर्विंग यांनी टॉमस हूड यांची एका खुनी शिक्षकाविषयीची कविता सादर केली आणि ती ऐकून स्टोकर भावनावेगाने कोसळले, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. १८७८ साली लायसियम थिएटर ताब्यात येताच आयर्विंग यांनी त्यांना व्यवस्थापकपदासाठी बोलावले. स्टोकर यांनी कायम सरकारी नोकरी सोडली, ४ डिसेंबर १८७८ रोजी फ्लॉरेन्स बॅल्कोम यांच्याशी विवाह केला आणि ते आयर्विंग यांच्या कामात रुजू झाले. ३० डिसेंबर रोजी ‘हॅम्लेट’ने नव्या लायसियमचा पडदा उघडला.

लायसियममधील सत्तावीस वर्षे

लायसियमच्या कारभारात रंगमंचामागील व्यवस्था एच. जे. लव्हडे यांच्याकडे होती. स्टोकर यांच्याकडे आर्थिक आणि व्यावहारिक बाजू होती. तिकीटविक्री, नोकरवर्ग, जाहिराती, पाहुण्यांचे स्वागत, दौऱ्यांची आखणी आणि आयर्विंग यांचा सर्व पत्रव्यवहार त्यांना पाहावा लागे. त्यांच्याच अंदाजानुसार आयर्विंग यांच्या वतीने लिहिलेल्या पत्रांची संख्या लाखांच्या घरात जाते. १८७९ मधील ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’चे सलग अडीचशे प्रयोग, १८८५ मधील ‘फाउस्ट’चा भव्य दृश्यविलास आणि १८९५ साली आयर्विंग यांना मिळालेला ‘सर’ हा किताब या सर्व यशांच्या मागे ही कचेरी अखंड चालू होती. ‘सर’ झालेले आयर्विंग हे पहिले नट होत.

१८८३ ते १९०४ या काळात कंपनीने उत्तर अमेरिकेचे आठ दौरे केले. नट, कामगार, पोशाख आणि टनावारी नेपथ्य जहाजाने समुद्रापार न्यायचे, तेथून रेल्वेने गावोगावी पोहोचवायचे आणि ठरल्या रात्री ठरल्या वेळी पडदा उघडायचा, असे हे काम होते. एखादी पेटी चुकीच्या स्थानकावर उतरली, तर प्रयोगच अडत असे. ‘ड्रॅक्युला’त पेट्यांना जे महत्त्व आहे, त्याचा विचार करताना हा अनुभव विसरता येत नाही.

व्यवस्थापकपदामुळे स्टोकर यांचा परिचयही विस्तारला. प्रयोगानंतर लायसियममधील बीफस्टेक रूम या दालनात भोजनासाठी कलावंत, राजकारणी आणि प्रवासी जमत. स्टोकर यांच्या परिचितांत रिचर्ड बर्टन हे एक होते. मुंबई लष्करात नोकरी केलेल्या बर्टन यांनी ‘वेताळ पंचविशी’तील काही कथांचे ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’ हे इंग्रजी रूपांतर १८७० साली प्रसिद्ध केले होते. बर्टन बोलताना त्यांचा सुळा कसा चमकत असे, याचे वर्णन स्टोकर यांनी आपल्या आठवणींत केले आहे. या भेटींतूनच काउंट जन्मला, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तथापि मराठी वाचकाला या ठिकाणी एक तुलना सुचल्याशिवाय राहत नाही. वेताळाला इंग्रजीत ‘व्हॅम्पायर’ म्हटले, तरी आपला वेताळ हा कथा सांगणारा आहे. तो बोलतो आणि राजाने मौन पाळायचे असते. ‘ड्रॅक्युला’त नेमके उलट घडते. येथे इतर सर्व जण रोजनिश्या, पत्रे आणि तारा लिहितात, पण काउंटचे स्वतःचे निवेदन कोठेही नाही. त्याचे संभाषण आणि एखादे छोटे पत्र इतरांच्या दप्तरात नोंदले जाते, एवढेच.

‘ड्रॅक्युला’ची घडण

‘ड्रॅक्युला’साठीची सर्वांत जुनी टिपणे मार्च १८९० मधील आहेत. याच वर्षी स्टोकर यांनी वकिलीची सनद मिळविली आणि ‘द स्नेक्स पास’ ही त्यांची कादंबरी प्रसिद्ध झाली. त्याच डिसेंबरमध्ये डब्लिनच्या ‘डेली एक्सप्रेस’च्या नाताळ पुरवणीत आलेली ‘गिबेट हिल’ ही त्यांची भयकथा विस्मरणात गेली होती. ती २०२४ साली पुन्हा उजेडात आली. त्या उन्हाळ्यात व्हिट्बी येथील मुक्कामात त्यांनी तेथील वाचनालयातील विल्यम विल्किन्सन यांच्या वालेशिया व मोल्डेव्हियाविषयीच्या पुस्तकातून ‘ड्रॅक्युला’ हे नाव टिपून घेतले. तोपर्यंत त्यांच्या टिपणांत पात्राचे नाव ‘काउंट वॅम्पायर’ असे होते. १८८५ साली व्हिट्बीच्या किनाऱ्यावर फुटलेल्या एका रशियन जहाजाची माहितीही त्यांनी मिळविली आणि कादंबरीतील ‘डिमीटर’ जहाज त्यातून आकाराला आले. ट्रान्सिल्व्हेनियाला ते कधीही गेले नव्हते. तो प्रदेश त्यांनी पुस्तकांतून उभा केला. लंडन लायब्ररीतील काही पुस्तकांवर त्यांच्या खुणा असल्याचे २०१८ साली निदर्शनास आले आणि या परिश्रमाला आणखी पुष्टी मिळाली.

ही टिपणे आज फिलाडेल्फियातील रोझेनबाख संग्रहालयात आहेत. त्यांत दिनदर्शिकेप्रमाणे मांडलेल्या घटना आणि रेल्वेच्या वेळा आढळतात. भयकादंबरी लिहिणाऱ्या लेखकाने पिशाच्चाच्या प्रवासाचे वेळापत्रक आखावे, ही बाब अर्थपूर्ण आहे. एखाद्या दौऱ्याची आखणी करावी तशी ही आखणी आहे.

पुस्तक प्रसिद्ध होण्यापूर्वी, १८ मे १८९७ रोजी, लायसियमच्या रंगमंचावर त्याचे नाट्यवाचन झाले. प्रकाशनापूर्वी सार्वजनिक प्रयोग झाल्यास नाट्यरूपांतराचे हक्क सुरक्षित राहत, एवढाच त्यामागील हेतू होता. वाचन चार तासांहून अधिक चालले. मीनाची भूमिका एलन टेरी यांच्या कन्या एडिथ क्रेग यांनी केली. आयर्विंग यांनी या वाचनावर एका शब्दात तुच्छतेचा शेरा मारला, अशी आख्यायिका आहे. त्यानंतर आठच दिवसांनी, २६ मे रोजी, पुस्तक बाजारात आले. आर्थर कॉनन डॉयल यांनी पत्र पाठवून त्याची प्रशंसा केली.

कादंबरीतील व्यवस्थापन

‘ड्रॅक्युला’ची चर्चा आजवर अनेक अंगांनी झाली आहे. फ्रँको मोरेटी यांनी काउंटमध्ये भांडवलाचे रूपक पाहिले. स्टीफन आराटा यांनी १९९० साली साम्राज्याच्या उलट्या आक्रमणाची भीती त्यात दाखविली. फ्रीड्रिख किटलर यांनी टंकलेखनयंत्र आणि ध्वनिमुद्रण यांसारख्या नव्या माध्यमांकडे लक्ष वेधले. यांपैकी किटलर यांचे विवेचन प्रस्तुत विषयाला सर्वांत जवळचे आहे. मात्र यंत्रांइतकेच महत्त्व ती यंत्रे वापरणाऱ्या कार्यपद्धतीला आहे. ती पद्धती नाट्यगृहाच्या कचेरीत काम केलेल्या माणसाच्या अंगवळणी पडलेली होती.

कादंबरीतील मुख्य संघर्ष क्रूस आणि लसूण यांच्या बळावर लढला जातो, असा समज चित्रपटांमुळे रूढ झाला आहे. प्रत्यक्षात काउंटचा माग कागदपत्रांवरून काढला जातो. मातीने भरलेल्या पन्नास पेट्या जहाजाने इंग्लंडमध्ये येतात. वकिलांची पत्रे, मालवाहतूकदारांच्या नोंदी आणि हमालांच्या जबान्या यांवरून जोनाथन हार्कर त्यांचा हिशेब लावतो. माइल एंडला सहा, बर्मंडसीला सहा, पिकॅडिलीला नऊ आणि कारफॅक्सला उरलेल्या एकोणतीस अशी बेरीज पूर्ण होते. त्यांपैकी एकोणपन्नास पेट्या निकामी केल्या जातात. उरलेल्या एका पेटीतून काउंट पळून जातो. पुढील पाठलाग म्हणजे त्या एका पेटीचा शोध होय. लॉइड्सकडून रोज येणाऱ्या तारा, जहाजाचा मार्ग आणि नद्यांचे नकाशे यांच्या आधारे तो केला जातो.

या सर्व कार्याचे केंद्र मीना हार्कर आहे. तिला लघुलेखन येते, टंकलेखन येते आणि रेल्वेचे वेळापत्रक तिला पाठ आहे. डॉ. सेवर्ड यांची मेणाच्या नळकांड्यांवरील रोजनिशी ती कागदावर उतरविते, सर्व नोंदी कालक्रमाने लावते आणि प्रत्येकाच्या तीन प्रती काढते. काउंट हस्तलिखित आणि नळकांडी जाळतो, तेव्हा तिजोरीतील प्रत शिल्लक असते आणि लढा टिकून राहतो. दुय्यम प्रत काढून ठेवण्याची ही कारकुनी सवय येथे जीव वाचविते. मीनाकडे स्टोकर यांचेच प्रतिरूप म्हणून पाहता येईल. इतरांच्या शब्दांना ती क्रम देते आणि त्या क्रमातूनच अर्थ निर्माण होतो. हेच पुरुष तिच्या रक्षणासाठी तिला चर्चेतून वगळतात, तेव्हा काउंट नेमका तिच्यापर्यंत पोहोचतो. कचेरी सांभाळणाऱ्या व्यक्तीला निर्णयातून वगळण्याची किंमत येथे कथानकातच वसूल होते.

तथापि व्यवस्थापनाची दृष्टी केवळ एका पक्षाकडे नाही. प्रारंभीच्या प्रकरणांत हार्कर काउंटच्या किल्ल्यात पाहुणा असतो. त्याला दिसते की काउंट स्वतःच त्याचा बिछाना घालीत आहे आणि पुढे दाराच्या फटीतून दिसते की जेवणाचे टेबलही तोच मांडीत आहे. किल्ल्यात एकही नोकर नसतो आणि आपल्याला आणणारा गाडीवानही तोच होता, हे हार्करला उमगते. सरदारी वैभवाचा संपूर्ण देखावा एकटा माणूस पडद्यामागून उभा करीत आहे, हा या प्रसंगाचा आशय आहे. काउंट इंग्लंडची रेल्वे मार्गदर्शिका वाचीत पहुडलेला आढळतो, तोही याच प्रकरणांत. यजमानपण, वाहतूक आणि आखणी ही सर्व कामे स्वतः पाहणारा काउंट व्यवस्थापकाच्याच कुळातील आहे. कादंबरी वस्तुतः दोन व्यवस्थापनांमधील झुंज आहे. एक व्यवस्थापन सर्व काही एका हातात ठेवते आणि लपविते. दुसरे प्रती काढते आणि वाटून घेते. दुसऱ्याचा विजय होतो.

आयर्विंग आणि काउंट : एका समीकरणाची मर्यादा

या पार्श्वभूमीवर आयर्विंग म्हणजेच काउंट हे समीकरण अपुरे वाटते. आयर्विंग यांचा भेदक चेहरा, ‘फाउस्ट’मधील मेफिस्टोफिलीसची भूमिका आणि सहकाऱ्यांवरील त्यांची पकड यांचे अंश काउंटमध्ये उतरले असणे शक्य आहे. परंतु स्टोकर यांनी १९०६ साली लिहिलेल्या आयर्विंग यांच्या दोन खंडी आठवणींत सुप्त द्वेषापेक्षा अविचल निष्ठा दिसते. त्या ग्रंथात लेखक स्वतःविषयी फार थोडे सांगतो. तो नोंदी ठेवतो, तारखा देतो, पाहुण्यांची नावे सांगतो आणि मागे उभा राहतो. हे मागे राहणे दबलेल्या मनाचे लक्षण मानण्यापेक्षा धंद्याची शिस्त मानणे अधिक सयुक्तिक होय. ‘ड्रॅक्युला’तही एकच सर्वज्ञ निवेदक नाही, याचा संबंध या शिस्तीशी लावता येतो.

लायसियमनंतरचे लेखन

‘नाट्यगृहाने लेखक गिळला’ हे मत कालक्रमाच्या कसोटीवर टिकत नाही. ‘ड्रॅक्युला’ची घडण १८९० ते १८९७ या सात वर्षांत, व्यवस्थापकाच्या सर्वाधिक व्यग्र काळात, सुट्ट्यांमध्ये झाली. १८ फेब्रुवारी १८९८ रोजी लागलेल्या आगीत लायसियमचे नेपथ्यभांडार भस्मसात झाले. १८९९ साली आयर्विंग यांनी नाट्यगृहाचा ताबा एका कंपनीकडे दिला. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी ब्रॅडफर्ड येथे प्रयोगानंतर त्यांचे निधन झाले. आता स्टोकर यांना लेखनावरच गुजराण करावयाची होती. या काळातील ‘द लेडी ऑफ द श्राउड’ (१९०९) आणि ‘द लेअर ऑफ द व्हाइट वर्म’ (१९११) या कादंबऱ्यांत कल्पनाशक्ती ओसरलेली नाही, पण रचनेची पकड सुटली आहे. विशेषतः दुसऱ्या कादंबरीत प्रसंग एकमेकांना धरून राहत नाहीत.

याचे एकच कारण देणे योग्य होणार नाही. पक्षाघाताच्या झटक्यानंतरची खालावलेली प्रकृती आणि पैशाची निकड यांचा वाटा मोठा होता. १९११ साली त्यांना रॉयल लिटररी फंडाकडे साहाय्यासाठी अर्ज करावा लागला. १९०३ ची ‘द ज्युएल ऑफ सेव्हन स्टार्स’ ही चांगली कादंबरी असली, तरी ती लायसियमच्या अखेरच्या वर्षांशी जोडलेली आहे, हेही लक्षात घ्यावे लागते. एवढे मात्र म्हणता येईल की, कचेरीतून सुटका झाल्यावर लेखक बहरला नाही. १९०८ साली कादंबऱ्यांवर नियंत्रण असावे, असा लेख लिहिणारे स्टोकर आपल्याच सर्वोत्तम पुस्तकातील धगीपासून दूर गेलेले दिसतात. २० एप्रिल १९१२ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

मरणोत्तर प्रवास

‘ड्रॅक्युला’ला जागतिक कीर्ती मिळाली ती रंगमंच आणि पडदा यांच्यामुळे. १९२२ साली जर्मनीत ‘नोस्फेराटू’ हा चित्रपट परवानगीवाचून निघाला. फ्लॉरेन्स स्टोकर यांनी त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि १९२५ साली त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश मिळविला. तरीही काही प्रती वाचल्या. १९२४ साली हॅमिल्टन डीन यांनी डर्बी येथे अधिकृत नाटक आणले. १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आणि १९३१ मध्ये चित्रपटात बेला लुगोसी यांनी काउंट रंगविला. कादंबरीतील काउंट हा प्रारंभी लांब पांढऱ्या मिशांचा, काळ्या वेशातील वृद्ध आहे. उंच कॉलरचा झगा ही नाटकाची देणगी होय. रंगमंचावरील चोरदारातून नट अदृश्य होताना त्याचे डोके झाकावे, ही त्यामागील व्यावहारिक गरज होती. आज सर्वपरिचित असलेली ड्रॅक्युलाची प्रतिमा अशा रीतीने रंगमंचाच्या व्यवस्थेतून घडली, हा योगायोग बोलका आहे.

ही परंपरा मराठीपर्यंतही पोहोचली. स्टीफन किंग यांची ‘सेलम्स लॉट’ (१९७५) ही कादंबरी ‘ड्रॅक्युला’चा वारसा उघडपणे सांगते आणि नारायण धारप यांची ‘लुचाई’ त्या कादंबरीवर बेतलेली आहे. मराठी भयसाहित्याच्या वाचकापर्यंत स्टोकर असे दोन हात फिरून आले आहेत.

निष्कर्ष

१. स्टोकर यांच्या कारकिर्दीचे ‘व्यवस्थापक’ आणि ‘लेखक’ असे दोन तुकडे पाडणे योग्य नाही. पत्रे, वेळापत्रके आणि माल यांचा मेळ घालण्याची सवय हीच ‘ड्रॅक्युला’ची रचना बनली.

२. आयर्विंग यांच्याशी असलेल्या संबंधावरून काउंटचे एकेरी चरित्रात्मक स्पष्टीकरण देण्यापेक्षा कादंबरीतील कार्यपद्धतीचा अभ्यास अधिक फलदायी ठरतो.

३. लोकप्रिय साहित्याचे मूल्यमापन करताना लेखकाच्या उपजीविकेचे काम हा केवळ चरित्राचा तपशील समजू नये. त्या कामातून आलेली दृष्टी कलाकृतीच्या घडणीत शोधली पाहिजे.

४. रंगभूमीचा इतिहास बहुधा नट आणि नाटककार यांच्याभोवती लिहिला जातो. नाटक मंडळ्यांचे हिशेब सांभाळणारे, बिऱ्हाड हलविणारे आणि पत्रे लिहिणारे लोक त्यात तळटीपेपुरते येतात. स्टोकर यांचे उदाहरण पाहता, मराठी नाट्येतिहासाच्या अभ्यासकांनीही ही जुनी दप्तरे उघडून पाहणे अगत्याचे आहे.